मालकाचं गाव, मालकाची खोली

"मालकाने राहायला खोली दिलीय ना? मग जास्तीच्या तासांचं काय बोलायचं!"

वेलिंग्टनला आल्यापासून हे वाक्य मी ऐकतोय. बांधकामावर ऐकलं, हॉटेलच्या किचनमध्ये ऐकलं, गणपतीच्या महाप्रसादाच्या पंगतीतही ऐकलं. बोलणारे काही वाईट लोक नाहीत. आपलेच आहेत, दमलेले आहेत, डोक्यावर गावाकडचं कर्ज आहे. पण हे वाक्य खोटं आहे आणि घातकी आहे. आजचा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आपल्याकडचा एक मुलगा हट खोऱ्यात परांची बांधायचं काम करायचा. सांगली जिल्ह्यातला, वय सव्वीस. मालकानेच घर दिलेलं, एका घरात पाच जण. भाडं पगारातूनच कापलं जायचं. आठवड्याला पंचावन्न-साठ तास काम, पगारपत्रकावर मात्र चाळीस. एकदा त्याने धीर करून वरच्या तासांचे पैसे मागितले. मालक ओरडला नाही, शिवी दिली नाही. शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, सोमवारपासून येऊ नकोस. आणि रविवारपर्यंत खोली रिकामी कर."

शनिवारी रात्री मला फोन आला. "दादा, एवढी बॅग कुठे ठेवू?" पैशाचं नाही विचारलं, व्हिसाचं नाही विचारलं. बॅग कुठे ठेवू, एवढंच.

एका वाक्यात त्याचं काम गेलं, छप्पर गेलं आणि व्हिसाला गळती लागली. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मुठीत असल्या की असंच होतं. आणि ही मूठ आपोआप तयार झालेली नाही. ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी विचार करून, हिशेब मांडून घडवली गेली. ज्या शहरात आपण राबतो ते शहरच त्या हिशेबातून उभं राहिलंय. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

कागदावर आखलेलं इंग्रज गाव

मी रात्रपाळीला ऑफिसं साफ करतो. सकाळी सुटलो की कधीकधी द टेरेसच्या वरच्या अंगाला बोल्टन स्ट्रीटचं जुनं कब्रस्तान आहे, तिथे जाऊन बसतो. मोटारवेसाठी मधूनच कापलेलं कब्रस्तान. तिथे एडवर्ड गिबन वेकफिल्ड नावाचा माणूस पुरलाय. वेलिंग्टन ज्याच्या डोक्यातून निघालं तो हा.

या साहेबाचा पूर्वेतिहास ऐका. १८२६ साली एका श्रीमंत घरातल्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीला फसवून पळवून नेलं आणि तिच्याशी लग्न लावलं. त्याबद्दल लंडनच्या न्यूगेट तुरुंगात तीन वर्षं काढली. तिथे बसून त्याने वसाहती कशा वसवाव्यात यावर लिहायला घेतलं. १८२९ साली ते छापून आलं, ते असं की जणू लेखक सिडनीत राहून पत्र लिहितोय. सिडनी त्याने पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

त्याचा प्रश्न साधा होता. नव्या देशात जमीन भरपूर आणि स्वस्त. इंग्लंडहून मजूर नेले तर ते चार दिवसांत स्वतःची जमीन घेतात आणि मालकाला सोडून जातात. मग मालकाचं काम करणार कोण? पील नावाच्या एका भांडवलदाराचं उदाहरण तो द्यायचा. हा पील पश्चिम ऑस्ट्रेलियात पैसा, सामान आणि शेकडो माणसं घेऊन गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याचं अंथरूण घालायलाही कुणी उरलं नाही. सगळे आपापल्या वाटेने निघून गेले.

वेकफिल्डचा उपाय असा. जमिनीची किंमत मुद्दाम चढी ठेवायची, इतकी की हातावर पोट असलेल्याला ती लगेच घेता येऊ नये. त्याने आधी काही वर्षं दुसऱ्याकडे राबावं. जमीन विकून जो पैसा येईल त्यातून इंग्लंडमधले आणखी मजूर फुकट आणावेत. या किंमतीला त्याने नाव दिलं 'पुरेशी किंमत'. कशाला पुरेशी? मजूर मजूरच राहायला पुरेशी. कार्ल मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडाचं शेवटचं प्रकरण याच माणसाच्या सिद्धांतावर खर्च केलंय, कारण बाकीचे जे झाकून बोलतात ते हा उघड बोलून गेला. माणसाला दुसरीकडे जायची वाट मोकळी असेल तर तो स्वस्तात राबत नाही. म्हणून वाट बंद करा.

या सिद्धांतावर न्यूझीलंड कंपनी निघाली आणि तिने एक अख्खं इंग्रज गाव कागदावर आखलं. १,१०० हिस्से. प्रत्येक हिश्शात गावठाणातली १ एकर आणि बाहेरची १०० एकर जमीन. भाव एकराला एक पाउंड. २९ जुलै १८३९ रोजी लंडनमध्ये हिश्शांच्या चिठ्ठ्या काढल्या. तोवर कंपनीचं जहाज या बंदरात पोचलंही नव्हतं. जमीन विकत घ्यायची होती, मोजायची होती, तिथे कोण राहतं हे पाहायचं होतं, आणि इकडे सौदे पूर्ण! हिस्से घेणाऱ्यांतले बरेच जण इकडे कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून भाव चढायची वाट पाहत राहिले. आपल्याकडे महामार्ग जाहीर व्हायच्या आत सातबाऱ्यावर कुणाची नावं चढतात ते आठवा. तीच जात.

आणि जमीन रिकामी नव्हती. ते आतियावा आणि इतर माओरी लोक इथे नांदत होते. सप्टेंबर १८३९ मध्ये वेकफिल्डच्या भावाने, विल्यम वेकफिल्डने, बंदूक-ब्लँकेटसारखा माल देऊन कागदावर सह्या-खुणा घेतल्या. हिश्शांपैकी दहावा भाग, म्हणजे ११० हिस्से, माओरींसाठी राखून ठेवू असं कंपनीने कबूल केलं होतं. ते वचन कसं पाळलं गेलं याचा निवाडा व्हायला २००९ साल उजाडावं लागलं, तेव्हा कुठे तारानाकी फानुई लोकांबरोबरच्या तडजोडीचा कायदा झाला. आपण मजूर म्हणून आलो असलो तरी ही कुणाची जमीन हे विसरून चालणार नाही. आपल्या आधी या योजनेचा पहिला घाव त्यांच्यावर बसलाय.

जानेवारी १८४० मध्ये पहिलं प्रवासी जहाज आलं. आज जिथे पेटोनी आहे तिथे गाव वसवायला सुरुवात झाली. नाव ठेवलं ब्रिटानिया. नदीला पूर आला, आखणी पाण्यात गेली, आणि सगळ्यांना बंदराच्या या बाजूला, थॉर्नडनकडे यावं लागलं. लंडनच्या कागदावर नदीला पूर येत नव्हता.

सुताराने योजना मोडली

आता याच कब्रस्तानातला दुसरा माणूस. सॅम्युएल पार्नेल, लंडनचा सुतार. फेब्रुवारी १८४० मध्ये तो पेटोनीच्या किनाऱ्याला उतरला. त्याच्याच जहाजातून आलेल्या जॉर्ज हंटर नावाच्या व्यापाऱ्याने त्याला गोदाम बांधायला सांगितलं. पार्नेल म्हणाला, बांधतो, पण दिवसाचे आठच तास. दिवसाचे चोवीस तास असतात, आठ कामाला, आठ झोपेला, आठ माणसाचे स्वतःचे. हंटरने लंडनची रीत ऐकवली, तिकडे सहाला घंटा होते आणि उशीर झाला की पगार कापतात. पार्नेलचं उत्तर, आपण लंडनमध्ये नाही. हंटरला मान्य करावं लागलं, कारण अख्ख्या वसाहतीत तेव्हा सुतार तिघेच होते.

ही गोष्ट इथे शाळेत शिकवतात, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते ती त्यावरूनच. पण गोष्ट सांगताना एक मुद्दा सुटतो. पार्नेलला 'नाही' म्हणता आलं ते का? तो धीट होता, मान्य. पण अवजारं त्याची स्वतःची होती. दुसरीकडे काम मिळणार होतं. आणि हंटर त्याचा घरमालक नव्हता. 'नाही' म्हटल्यावर त्याला त्या रात्री बॅग कुठे ठेवू हे कुणाला विचारावं लागणार नव्हतं. वेकफिल्डला जी वाट बंद करायची होती, ती या सुताराला उघडी सापडली.

आणि तो एकटा खाऊन गप्प बसला नाही. नवं जहाज आलं की किनाऱ्यावर जाऊन उतरणाऱ्या कामगारांना सांगायचा, आठ तासांपेक्षा जास्त कबूल करू नका. ऑक्टोबर १८४० मध्ये कामगारांनी सभा घेतली आणि ठरवलं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, त्यापलीकडे काम नाही. जो फुटेल त्याला बंदराच्या पाण्यात बुचकळून काढायचं. आजकाल एअरपोर्टवर नव्या पोरांना घ्यायला जाताना आपण त्यांना काय सांगतो? "सुरुवातीला सहन कर, कागद पक्के होऊ देत." पार्नेल किनाऱ्यावर उलटं सांगत होता.

पहिला लेबर डे १८९० च्या २८ ऑक्टोबरला झाला. वेलिंग्टनच्या मिरवणुकीत म्हाताऱ्या पार्नेलला मानाने बसवलं होतं. त्याच डिसेंबरात तो गेला आणि हजारो लोक अंत्ययात्रेला आले. आता तारीख जुळवून बघा. त्याच १८९० च्या १० जूनला मुंबईत गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली होती. कुणामुळे? नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे. फुल्यांचे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली उभी करणारे. म्हणजे वेलिंग्टनचा गोरा सुतार आणि मुंबईचा मराठी गिरणी कामगार एकाच वर्षी एकाच गोष्टीचा जल्लोष करत होते. माझ्या वेळेवर माझा हक्क. हा वारसा इकडचा गोऱ्यांचा आणि तिकडचा आपला असा वाटून घ्यायची गरज नाही.

साबणवाल्याचं सुंदर गाव

आता कुणी म्हणेल, सगळेच मालक वाईट नसतात, चांगलं घर देणारेही असतात. असतात की. इंग्लंडात अशा मालकांनी गावंच्या गावं बांधली. लोकरीच्या गिरणीवाल्या टायटस सॉल्टने १८५० च्या दशकात सॉल्टेअर बांधलं. दगडी घरं, शाळा, दवाखाना, दारूचा गुत्ता मात्र नाही. २००१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. विल्यम लीव्हरने १८८८ पासून पोर्ट सनलाइट बांधलं. हो, तोच सनलाइट साबण! प्रत्येक ओळीतल्या घरांची ठेवण वेगळी, पुढे हिरवळ, पुढे चित्रांची गॅलरीसुद्धा. आज पर्यटक तिथे फोटो काढतात.

त्या काळातल्या मजुरांच्या अंधाऱ्या, ओल धरलेल्या खोल्यांपुढे ही घरं स्वर्ग होती. हे मी नाकारत नाही. तिथल्या बायकांना नळाचं पाणी आणि परसदार मिळालं, ते खोटं नव्हतं.

पण लीव्हरचा हिशेब त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखा होता. नफ्यातला वाटा कामगारांना रोख द्यायचा नाही, दिला तर ते खाण्यापिण्यात उडवतील. त्यापेक्षा तो मीच ठेवतो आणि तुम्हाला छान घरं देतो. याला तो समृद्धीतला वाटा म्हणायचा. म्हणजे पैसा कामगाराचा, घर मालकाचं, आणि आभार मानायचे ते कामगाराने! घर साबणाच्या कारखान्यात काम करणाऱ्यालाच मिळायचं, तेव्हा काम सुटलं की घरावरचा हक्कही सुटला. एका कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याने त्याला स्पष्ट कळवलं होतं की स्वतंत्र बाण्याच्या माणसाला तुमच्या गावची हवा फार दिवस मानवणार नाही.

आणि या सुंदर गावाचा खर्च कोण उचलत होतं? साबणाला पामतेल लागतं. १९११ साली लीव्हरने बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत मोठमोठे इलाखे मिळवले. तिथे फळं उतरवायला माणसं मिळेनात तेव्हा वसाहतीच्या सरकारी सक्तीने मिळवली गेली. इंग्लंडात हिरवळ आणि काँगोत वेठबिगार, दोन्ही एकाच साबणवडीत.

तो साबण आपल्यापासून लांब नाही. लीव्हरचा कारखाना १९१९ साली इथे पेटोनीत आला, पार्नेल उतरला त्याच किनाऱ्याजवळ. १९३४ साली मुंबईत शिवडीला सुरू झाला. आपल्यापैकी कुणाच्या आजोबांनी तिथे पाळ्या केल्या असतील.

त्याच इंग्लंडात एक वेगळं उदाहरणही आहे. चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरीने बॉर्नव्हिल वसवलं, पण घरं फक्त आपल्या कामगारांसाठी राखली नाहीत, आणि १९०० साली ती वसाहत एका वेगळ्या ट्रस्टच्या हवाली केली. म्हणजे कारखान्याची नोकरी गेली म्हणून घर जाईल असा फास त्यात नव्हता. चांगलं घर देणं आणि घराने बांधून घेणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे मालकांनाही तेव्हा कळत होतं. आज कळत नाही असं कुणी सांगू नये.

कोपी आणि उचल

हे सगळं आपल्याला नवीन आहे का? बीडच्या ऊसतोड्याला विचारा. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या जागेत कोपी बांधून राहायचं. उचल फिटेपर्यंत सुटका नाही, हंगाम अर्धवट सोडला तर मुकादम दारात. आता एजंटला दिलेले लाखो रुपये, बापाच्या जमिनीवरचं कर्ज आणि मालकाची खोली यांची बेरीज करा. विमानाने आलेला कोयताच आपण!

उलट बाजूही आपल्याकडेच आहे. मुंबईचे बहुतेक गिरणी कामगार गिरणी मालकाच्या खोलीत राहत नव्हते. कुणी खाजगी चाळीत, कुणी १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीत. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. राहणीमान म्हणून ते काही कौतुकाचं नव्हतं, एका खोलीत दहा-दहा माणसं. पण त्या खोलीची किल्ली गिरणी मालकाकडे नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि वर्ष उलटलं तरी वाकले नाहीत. ते शक्य झालं ते खानावळवालीने थांबून घेतलं म्हणून, वाण्याने उधारी चालवली म्हणून, गावाकडून तांदूळ आला म्हणून. संप हरला, त्याची कारणं वेगळी आणि मोठी आहेत. पण पहिल्याच रविवारी खोली रिकामी करायची वेळ आली असती तर तो महिनाभरही टिकला नसता.

पॅट्रिक स्ट्रीटची धडपड

हे वेलिंग्टनलाही एकदा कळलं होतं. पंतप्रधान रिचर्ड सेडनने १९०५ साली कामगारांच्या घरांचा कायदा केला. बोल्टन स्ट्रीटला त्याचंही थडगं आहे, उंच खांबाचं. सरकारने स्वतः घरं बांधायची आणि कामगाराला भाड्याने द्यायची. वास्तुरचनाकारांची स्पर्धा घेतली आणि पेटोनीला पॅट्रिक स्ट्रीटवर पहिली पंचवीस लाकडी घरं उभी राहिली. आजही आहेत. ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेली, रंगवलेली, नीट ठेवलेली.

ती योजना पुरती फसली. भाडं चढं, वेलिंग्टनला कामावर यायचं तर रेल्वेचं तिकीट वेगळं, सुरुवातीला अर्जच मोजके आले. पाच हजार घरांची भाषा होती, १९१९ पर्यंत झाली साडेसहाशेच्या आसपास. पण तत्त्व बरोबर होतं. घरमालक सरकार, पगार देणारा दुसराच. साबणवाला रागावला म्हणून पॅट्रिक स्ट्रीटच्या भाडेकरूला रविवारी खोली सोडावी लागणार नव्हती. पुढे मजूर पक्षाच्या सरकारने तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर नेलं. १९३७ च्या सप्टेंबरात मिरामारच्या फाइफ लेनमधलं पहिलं घर एका ट्रामवाल्याच्या कुटुंबाला दिलं तेव्हा पंतप्रधान सॅव्हेज स्वतः जेवणाचं टेबल उचलून आत घेऊन गेले होते.

इथले लोक या वारशाबद्दल फार प्रेमाने बोलतात. मला त्यांना विचारायचंय, घरं जपलीत हे छान, पण ज्यासाठी बांधली तो विचार कुठे जपलाय? खिडक्यांची नक्षी वारसा आणि भाडेकरूचं स्वातंत्र्य मात्र जुनी गोष्ट, असं कसं?

वेकफिल्ड परत आला

४ जुलै २०२२ पासून मालकाशी जोडलेला नवा वर्क व्हिसा सुरू झाला. व्हिसावर मालकाचं नाव, कामाचं नाव, ठिकाण. मालक बदलायचा तर नवा मान्यताप्राप्त मालक शोधा, अर्ज करा, फी भरा, वाट बघा. वर्षभरातच, ऑगस्ट २०२३ मध्ये, ऑकलंडला सहा घरांत शंभरावर भारतीय आणि बांगलादेशी माणसं कोंबलेली सापडली. पैसे भरून आलेली, हाताला काम नाही, जेवायचे वांधे. बातमी झाली, चौकशी झाली, नियम थोडे घट्ट झाले. पण व्हिसाची गाठ तशीच आहे.

वेकफिल्डने जमीन महाग करून वाट बंद केली. आता जमिनीची गरज नाही, व्हिसाची एक ओळ पुरते. 'पुरेशी किंमत' तेव्हा पाउंडात होती, आता ती तुमच्या भीतीत आहे.

आणि आपलेच लोकही यात आहेत, हे बोललंच पाहिजे. "आपला माणूस आहे, सांभाळून घेईल" म्हणून ज्याच्याकडे गेलो त्याने पासपोर्ट ठेवून घेतला, असे अनुभव मी तीन वेगवेगळ्या जणांकडून ऐकलेत. मराठी बोलणारा मालक दिवाळीला फराळ देतो, छान. फराळ घ्या, पण तासांचा हिशेबही घ्या.

सांगलीच्या त्या मुलाचं काय झालं? तो रविवारीच बाहेर पडला. माझ्या घरी सोफ्यावर पंधरा दिवस राहिला. मला नंतर, उशिरा कळलं की त्याला रविवारी निघायची गरजच नव्हती. इथल्या १९८६ च्या भाडेकरार कायद्यात नोकरीबरोबर मिळालेल्या घराची वेगळी तरतूद आहे. काम संपलं तरी साधारणपणे १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कायदा पुस्तकात होता, मालक दारात होता. जवळ जो असतो तोच खरा वाटतो.

म्हणून या चार गोष्टी आज रात्रीच करा.

एक. घराचा करार वेगळा आणि लेखी मागा. पगारातून भाडं कापायला तुमची लेखी संमती लागते. बॉन्ड दिला असेल तर तो मालकाच्या खिशात राहता कामा नये, सरकारी टेनन्सी सर्व्हिसेसकडे जमा झाला पाहिजे.

दोन. तासांची वही ठेवा. तारीख, सुरुवात, शेवट. मोबाइलवर फोटो. मालकाच्या कागदावर चाळीस असले तरी तुमच्या वहीत खरं असू द्या.

तीन. नोकरी देण्याबद्दल पैसे घेणं इथे १९८३ च्या वेतन संरक्षण कायद्याने बेकायदा आहे. दिले असतील तर पुरावे जपा. पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही.

चार. पिळवणूक होत असेल तर सरकारकडे तक्रार करून वेगळा संरक्षण व्हिसा मागता येतो. जुलै २०२१ पासून तो आहे, सहा महिन्यांपर्यंतचा, त्यावर दुसऱ्या मालकाकडे काम करता येतं. एकट्याने करू नका. युनियनकडे जा, कम्युनिटी लॉच्या फुकट वकिलाकडे जा, आणि नियम बदलत असतात तेव्हा ताजी माहिती घ्या.

मी कुणाला उद्या राजीनामा टाका म्हणत नाही. बापाच्या सातबाऱ्यावर बोजा असताना शौर्य दाखवणं सोपं नसतं, मला माहीत आहे. माझ्याही डोक्यावर तो बोजा सहा वर्षं होता आणि ती सहा वर्षं मीही गप्प होतो. पण गप्प बसणं वेगळं आणि गप्प बसण्याला उपकाराची परतफेड म्हणणं वेगळं. खोली फुकट मिळालेली नाही. तिचं भाडं तुमच्या घामातून दर आठवड्याला जातंय. मग लाजायचं कशाला?

सरकारकडे आपली मागणी दोन ओळींची आहे. व्हिसा माणसाला द्या, मालकाच्या नावाने देऊ नका. आणि काम सुटलं तरी छप्पर लगेच जाणार नाही एवढी मुदत द्या, चौदा दिवसांत इथे परक्याला घर मिळत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

येत्या लेबर डेला, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी, ज्यांना सुट्टी असेल त्यांनी सकाळी दहाला बोल्टन स्ट्रीटला या. पार्नेलच्या थडग्याशी भेटू, चहा मी आणतो. ज्यांना त्या दिवशी कामावर बोलावलंय त्यांनी दीडपट पगार आणि नेहमीचा कामाचा वार असेल तर बदली सुट्टी वहीत लिहून ठेवा. आणि येताना घराच्या कराराचा कागद घेऊन या. नसेल तर तसंच या, तिथे बसून मालकाला द्यायचं पत्र लिहू.